डाव्या बाजूचा आरसा

आमची गाडी पुढं जायला कधी कुरकुरली नाही. मागं न्यायचं म्हटलं की मात्र घरातली दोन माणसं कामाला लागायची. पिंपळीतलं आमचं घर बोळाच्या अगदी टोकाला होतं, त्यापुढं विहीर आणि विहिरीपुढं दुसऱ्याचा ऊस. गाडी घरापर्यंत सरळ यायची, पण बाहेर पडताना रस्त्यापर्यंत मागं मागंच न्यावी लागायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टिअरिंगवर बसायचे आणि आई मागं उभी राहायची. एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं डिकीवर थापा मारत ती गाडीच्या कडेकडेनं चालायची. "येऊ द्या... येऊ द्या... जरा उजव्या अंगाला... येऊ द्या." एरवी अण्णांना चहा देतानाही हळू बोलणारी आई त्या वेळी अख्ख्या आळीला ऐकू जातील असे हुकूम सोडायची. मला वाटतं, ते काम तिला मनापासून आवडायचं.

अण्णा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी गाडी घेतली, तिसऱ्या की चौथ्या मालकाची, फिकट पिस्ता रंगाची. वर्षभर आम्ही हवेत होतो. मग अण्णांची मान धरली. ती काही केल्या वळेना. कुणी हाक मारली की ते सगळं अंग वळवून बघायचे, त्यामुळं भाजीवाल्यालाही आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. त्याच उन्हाळ्यात आईच्या गुडघ्यांनीही संप केला. मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरून. गाडी दारात उभी राहिली आणि शेजारणीनं तिच्या टपावर धोतर अंथरून कुरडया घालायला सुरुवात केली.

मी तेव्हा बारामतीत कॉलेजात होते आणि आपल्याला न जमणारं काही नसतं अशा ठाम समजुतीत होते. म्हटलं, मी उभी राहते मागं. चांगला खणखणीत आवाज काढून 'येऊ द्या, येऊ द्या' केलं, आणि गाडी कडब्याच्या गंजीत. अण्णांचं म्हणणं, मी उशिरा ओरडले. माझं म्हणणं, ते ऐकतच नव्हते. पण खरी भानगड वेगळीच होती. आईचं 'येऊ द्या' किती लांबतं यावरून त्यांना मागं किती जागा आहे ते कळायचं. जागा भरपूर असली की तिचा शेवटचा 'द्या' विहिरीच्या रहाटासारखा ओढत जायचा, जागा संपत आली की तुटक व्हायचा. माझे सगळे 'द्या' सारखेच होते.

अशात एके दिवशी दुपारी पळसदेवहून मामा आला. पाणी प्यायला, टोपी मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाला, "अक्का, औंदा पाणी लई खाली गेलंय. आपल्या वस्तीची जोती उघडी पडली. तुझ्या घराचं बी."

आईचं माहेर म्हणजे जुनं पळसदेव. उजनी धरणाचं पाणी आलं तेव्हा ते गाव माझ्या जन्माआधीच बुडालं, नवं गाव वर वसलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आधी जुन्या देवळाचा कळस दिसतो, मग देऊळ. ते बघायला लोक लांबून येतात, कोळ्यांच्या होड्यांतून जातात. आमची बौद्धवस्ती मात्र गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. देवळाच्या पायऱ्या कोरड्या पडतात तेव्हाही वस्ती पाण्यातच असते. तिची पाळी यायला पाणी फारच खाली जावं लागतं, आणि ती आली तरी बघायला कोणी येत नाही. आईनं आपलं घर बुडाल्यापासून पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, आता ती रडेल. तिनं फक्त विचारलं, "तितवर गाडी जाती का?"

"जायाला जाती," मामा म्हणाला. "जुना गाडीरस्ता तेवढा घट हाय. पर दोनी बाजूला गाळ. वरनं वाळल्याला दिसतो, खाली निस्तं लोणी. परवा एक ट्रॅक्टर बसला. वळवायला जागा न्हाय, तात्या. माघारी यायचं तर उलटंच यावं लागंल, पार डांबरीपतुर." तात्या म्हणजे अण्णाच, मामा त्यांना तसं म्हणायचा.

मृग तोंडावर आला होता. एकदा वरच्या धरणांतून पाणी सुटलं की वस्ती पुन्हा खाली जाणार, आणि परत कधी वर येईल ते कोण सांगणार? आणि तोवर आईचे गुडघे? त्या रात्री आईनं भाकरी अर्धीच खाल्ली आणि सगळ्यांना ती उन्हामुळं जात नाही असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चौघांनी गाडी ढकलत बोळाबाहेर काढली आणि अण्णा मला घेऊन बारामतीला गेले. भिगवण रस्त्याला गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान होतं. दुकानदार बोलका. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात कटिंग चहा. अण्णांनी पूर्ण वळून त्याला अडचण सांगितली.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला. "परदेशात आता गाडीच्या मागं कॅमेरा लावत्यात म्हणं. म्होरं डायवरला टीव्हीत मागचं समदं दिसतं."

"मग त्यानं गाडी चालवायची का टीव्ही बघायचा?" अण्णांनी विचारलं.

"आपल्याकडं यायला लई टाईम हाय त्याला. तवर आरसा लावू."

आमच्या गाडीला कंपनीनं उजव्या बाजूलाच आरसा दिला होता. डावी बाजू रामभरोसे. त्यानं एक मोठा आरसा काढला आणि त्याच्या खाली लावायला एक छोटा, फुगीर, गोल. दारात भोकं पाडायला ड्रिल लागलं तेव्हा अण्णा सगळेच्या सगळे दुसरीकडं वळून उभे राहिले, आपल्याच दंडात सुई जातेय असे. मग दुकानदार म्हणाला, रिव्हर्सचा हॉर्न बी टाकू, गियर पडला की आपोआप वाजतो, मागची माणसं बाजूला होत्यात. त्याच्याकडं रडणाऱ्या बाळाचा आवाज होता, ॲम्ब्युलन्सचा होता, भुंकणाऱ्या कुत्र्याचा होता. अण्णांनी शांत काहीतरी मागितलं. मग त्यानं एक बारीक, टिणटिण करणारी धून लावून दाखवली. पाळणा हलवताना कुणीतरी गुणगुणावं तशी होती ती, एकाच जागी फिरत राहणारी. दुपारच्या उन्हात, तेलकट दुकानात ती ऐकताना मला क्षणभर झोपच आली. अण्णांनी तीच घेतली.

घोटाळा घरी आल्यावर कळला. अण्णांनी सरावासाठी बोळात गियर टाकला, धून सुरू झाली, आणि घराघरांतून पोरं वाट्या घेऊन गाडीच्या मागं धावत आली. गावात येणाऱ्या गारेगारवाल्यानं आपल्या सायकलच्या पेटीला त्याच दुकानातून तीच धून बसवून घेतली होती. मागची माणसं पांगावीत म्हणून लावलेल्या हॉर्ननं अख्खी आळी मागं गोळा झाली. अण्णा डाव्या आरशात बघतायत, तर आरसाभर पोरं. आई दारात बसून इतकी हसली की तिला गुडघ्यांचा विसर पडला आणि उठायला गेली.

"बदलून आणू," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "तितं पाण्याकाठी कोन यायचंय?"

पुढचे काही दिवस अण्णांचा अभ्यास चालला. पोरांना आधीच लांब बसवायचं आणि मग गाडी मागं न्यायची. मोठ्या आरशात सगळं खरंखुरं दिसायचं पण थोडंच. गोल आरशात सगळंच मावायचं, पण लहान आणि लांब. कशावर विश्वास ठेवायचा ते त्यांना ठरवता येईना. दुपारी ते गाडीतच बसून राहायचे, इंजिन बंद, नजर आरशात. आई ओट्यावर आडवी पडून मला वस्तीची वाट सांगायची: पहिलं घर चुलत्याचं, मग आड, मग शेवग्याचं झाड, मग आपलं. मी अर्धवट झोपेत ऐकायचे. मला दिसायचं, की त्या दारातून मासे आत येतायत, शेवग्याखाली पाणी संथ हलतंय, आणि कोणीतरी आतून कडी काढतंय. जाग आली की आई अजून सांगतच असायची.

आम्ही सकाळी निघालो. डांबरी सोडून गाडी जुन्या रस्त्याला लागली तेव्हा खिडकीतून गरम वारा येत होता आणि त्याला मासळीचा, वाळलेल्या शेवाळाचा वास होता. दोन्ही बाजूंना भेगाळलेला गाळ, लांबवर. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं ते कळत नव्हतं. पांढरे पक्षी उभे होते, उडत नव्हते. दूर देऊळ दिसलं, तिथं होड्यांची गर्दी होती. आम्ही तिकडं वळलो नाही. अण्णा एवढ्या हळू चालवत होते, की गाडी चालते आहे की जमीनच खालून सरकते आहे असं वाटावं. मग रस्ता संपला, आणि समोर जोती.

भिंती नव्हत्याच. नुसते दगडांचे चौकोन, गुडघ्याएवढे, त्यांवर गाळाचा करडा थर आणि शिंपले. मला सगळी सारखी दिसली. आई माझ्या खांद्याला धरून उतरली, चार पावलांवर थांबली, पुन्हा निघाली. आपलं कुठलं ते तिला एकदाही आठवावं लागलं नाही. एका चौकोनाशी येऊन तिनं चप्पल काढली आणि कोपऱ्यातल्या एका खडबडीत काळ्या दगडावर टाच ठेवली. न्हाणीतला दगड होता तो, टाचा घासायचा. तिनं टाच दोनदा घासलीसुद्धा.

"हितं आई बसायची," ती म्हणाली. "हितं दळण. हितं मी."

मला एकदम भरून आलं. ती रडत नव्हती म्हणून जास्तच. इतकी वर्षं मी तिला पिंपळीची, अण्णांची, आमची समजत होते. ती कुणाची तरी मुलगी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटलं. अण्णा गाडीपाशीच उभे होते, ताठ, टोपी हातात घेऊन. ऊन चढलं तशी आई परत निघाली. बरोबर काही घेतलं नाही, शिंपलासुद्धा नाही.

ती पुढं अण्णांशेजारी बसली, गुडघे लांब करता यावेत म्हणून. मी मागं. अण्णांनी दोन्ही आरसे पुसले, गियर टाकला, आणि त्या उघड्या माळावर ती टिणटिण धून सुरू झाली. लांब जाळं वाळवणाऱ्या एका माणसानं मान वर करून गारेगारवाला शोधला. गाडी मागं सरकू लागली. मी वळून मागच्या काचेतून रस्ता बघत होते. अण्णा डावीकडच्या आरशात बघत होते, मग उजवीकडच्या, मग परत डावीकडच्या. चाक एकदा कडेच्या गाळाला लागलं. अण्णांनी थोडं पुढं घेतलं, पुन्हा मागं. तो गोल आरसाच बरोबर सांगत होता. थोड्या वेळानं त्यांच्या खांद्यांतला ताठा गेला, आणि गाडी एका लयीत मागं जाऊ लागली.

तेव्हा मी तोंड पुढं केलं. आम्ही दोघं मागचा रस्ता बघत होतो. आई समोर बघत होती. समोरच्या काचेत तिची वस्ती होती आणि ती हळूहळू लांब जात होती, पाण्याच्या रेघेकडं.

"गाव उठलं तवा टरक आणला व्हता," आई म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "समदी मागं सामानावर बसली. गाव दिसंस्तवर बघत बघत गेली. माझी आई, हिचा मामा, समदी. मला म्होरं बसवलं, डायवरशेजारी. पोटाला दणका बसंल म्हणून. ही पोटात व्हती. मी निस्ता म्होरचा रस्ता बघितला."

अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही, त्यांना बघताच येत नव्हतं. त्यांनी फक्त ॲक्सिलेटरवरचा पाय थोडा उचलला.

जुना रस्ता संपला. डांबरी आली. तिथं गाडी वळवायला हवी तेवढी मोकळी जागा होती. अण्णांनी आरशात बघितलं, रस्ता रिकामा होता. त्यांनी गाडी वळवली नाही. डांबरीच्या कडेकडेनं ते तशीच मागं मागं नेत राहिले, पाणी दिसेनासं होईपर्यंत.