सरी काढ, मगच वाच

अगं, कवितांबरोबर हा व्हॉइस मेसेज पाठवतेय, तो पूर्ण ऐक. लांबूनच ‘आजी, तुझ्या मशीनच्या कविता लिहून पाठव’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. ही काय पद्धत झाली? तुमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना सर्व्हरचे हुकूम पाठ होत नाहीत, त्यांना हसवत शिकवायचंय, हे सगळं कळलं मला. पण नुसत्या कविता नेशील आणि त्यापायी काय झालं होतं ते ऐकणार नाहीस, हे चालायचं नाही. आधी ऐक.

साठचं दशक संपत आलं होतं. लग्न करून मी बंगलोरला आले त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि एका सरकारी कारखान्यात नवीनच आलेल्या कॉम्प्युटरवर मला काम मिळालं होतं. शिकवलं कुणी नाही. इंग्रजी पुस्तक आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन मीच शिकले. खोलीभर मशीन, त्याला टाइपरायटरवर हुकूम द्यायचे, आणि माहिती ठेवायची ती थाळीएवढ्या चाकांवर गुंडाळलेल्या टेपांवर. इंग्रजी नियम डोक्यात राहीनात म्हणून मी ते मराठीत जुळवले. कुठल्या यंत्रावर कुठली टेप लावलीय ते बघूनच हुकूम द्यायचा, त्याचं असं:

आधी बघ, कोण बसलंय पाटावर,
नाहीतर अक्षता पडतील भटावर!

टेपच्या चाकाला मागून एक प्लॅस्टिकचं कडं बसवायचं. कडं असेल तरच मशीन त्या टेपवर लिहिणार. कडं काढलं, की फक्त वाचणार, चुकूनही काही पुसलं जाणार नाही. मला ते आमच्या आजीच्या गळ्यातल्या सोन्याच्या सरीसारखं दिसायचं. म्हणून:

सरी काढ, मगच वाच,
नाहीतर जुन्यावर नव्याचा नाच!

मग माझ्या हाताखाली एक बाई आली. इथल्याच जुन्या मराठी घरातली, कित्येक पिढ्या इथंच गेलेल्या. मला ‘अक्का’ म्हणायची. तिचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून तिला. तीन महिने तात्पुरती, मग परीक्षा. पास झाली तर कायम, नाहीतर घरी. आणि घरात मिळवती तीच एकटी. कविता तिला इतक्या आवडल्या की डबा खातानासुद्धा म्हणायची. मी खूश. तिला काय कळलंय ते मी कधी विचारलंच नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी खरंच काम दिलं. इंजिनाच्या चाचण्यांची आठ महिन्यांची टिपणं एकाच टेपवर होती. तिची प्रत काढायची. जुनी टेप पहिल्या यंत्रावर, कोरी दुसऱ्यावर; मशीन पहिलीवरचं वाचून दुसरीवर लिहिणार. मला म्हणाले, “तुम्ही तिथं भिंतीशी उभ्या राहा. एक शब्द सुचवलात तरी ती नापास.”

ती आत आली. पदर खोचलेला, ओठ हलत होते. कपाटातून जुनी टेप काढली, यंत्रावर चढवली, मग कोरी चढवली. घाबरून तिनं जागा उलट्या केल्या होत्या. जुनी दुसऱ्या यंत्रावर! तरी मी मनात म्हटलं, असू दे, सरी काढली असेल तर मशीनच नाही म्हणेल. सरी काढलेली असली की यंत्रावर एक लाल दिवा लागायचा. मी दिव्याकडे बघितलं.

दिवा नव्हता.

ती टाइपरायटरशी बसली. टक टक टक. एक हुकूम झाला, दुसरा झाला. आता शेवटचं बटण दाबलं की आठ महिने पुसले जाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, “सरी! अगं, सरी!”

तिनं वळून बघितलं, आणि हसली गं! चांगली तोंडभर हसली, मान डोलावली, आणि बोट बटणाकडे नेलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कानडीत ‘सरी’ म्हणजे ठीक, बरोबर! मी ‘बरोबर, बरोबर’ म्हणत होते तिला! तीन महिने ती ‘सरी! काढ, मगच वाच’ असं म्हणत होती. ठीक आहे, कपाटातून टेप काढ, मग वाच. तिनं तेच केलं होतं.

यशवंतपूरच्या बाजारात मी दोनच कानडी शब्द धड शिकले होते, बेकु आणि बेडा. हवं आणि नको. त्यातला एक कामी आला. “बेडा!” मी किंचाळले. “बेडा, बेडा!”

तिचं बोट हवेतच थांबलं.

साहेब उठले. टेप उतरवून मागं बघितलं. कडं तसंच होतं. “नापास,” म्हणाले. तिचा चेहरा पांढरा पडला. मला म्हणाली, “अक्का, सरी म्हटलात की तुम्हीच!”

मग मी साहेबांना सगळं सांगितलं, दोन्ही कविता म्हणून दाखवल्या, मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. कानडी माणूस तो. ‘सरी’पाशी थांबला, पुन्हा म्हणायला लावलं. हसला नाही हं, पण मिशी हलली. म्हणाले, “पाटाची चूक तिची. सरीची तुमची. आठ दिवसांनी पुन्हा. कवितेशिवाय.”

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, “कडं काढ, मगच वाच. असं म्हटलं तर स्वल्प बरं नाही का, अक्का?” साहेबांना न सांगता तेवढं आम्ही ठेवलं. आठ दिवसांनी लाल दिवा लागला तेव्हा मी भिंतीशी तोंडावर पदर दाबून उभी होते.

तर कविता पाठवल्यात. पण पोरांना शिकवण्याआधी एकदा इकडे ये. तुझं एचएसआर लेआउट बंगलोरातच आहे, काही परदेशात नाही. तुझ्याबरोबर काम करणारी ती कानडी मैत्रीण आहे ना, तिलाही आण. तू म्हण, आणि तिला काय ऐकू येतं ते मला ऐकायचंय. या रविवारीच ये.