मानाजीरावांचा तबेला आणि चंपाचा पाय

घोड्यांच्या डॉक्टरशी लग्न झालं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. संध्याकाळी हे घरी येतात, कोट झटकतात, आणि गवताच्या काड्यांबरोबर दोन-तीन किस्सेही खाली पडतात! मी काड्या झाडून टाकते. किस्से मात्र राहतात. शुक्रवारच्या हळदीकुंकवाला आमच्या मेलकावेरीतल्या बायका आल्या, की ओटीच्या आधी विचारतात, "काय हो रुक्माबाई, तबेल्यात आज काय झालं?"

तबेला मानाजीरावांचा. कुंभकोणमच्या आसपास भाताची शेतं पसरलेली, घरात तंजावरच्या राजांच्या वेळेपासूनची तलवार टांगलेली, आणि राज्य गेल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून शर्यतीचा शौक! जातिवंत घोडे पाळायचे आणि आगगाडीत घालून मद्रासला पळवायला न्यायचे. यांची नेमणूक त्या तबेल्यावर. यांनी "घोडा धड आहे" असं लिहून दिल्याशिवाय मानाजीरावांचा एकही घोडा डब्यात चढत नसे. रीत त्यांनीच घातलेली, आणि पस्तावतही तेच होते!

त्या वर्षी सगळं अडलं होतं चंपापाशी. चंपा म्हणजे तबेल्यातली सगळ्यांत देखणी घोडी. पण तिच्या पुढच्या उजव्या पायाची शीर सुजलेली. मानाजीराव म्हणत, "सुई टोचा, पाय बधिर करा, पळेल." हे म्हणत, "पळेल हो! दुखणं कळणार नाही म्हणून पळेल, आणि कळणार नाही म्हणूनच पाय मोडून घेईल. पाठीवरचा माणूसही जाईल."

चंपाचा पाय वाचू दे म्हणून मी मारुतीचं अकरा शनिवारांच्या उपासाचं व्रत धरलं होतं. पण मारुतीला एकट्याला किती कामं लावायची? तबेल्यात गोविंदसामी होता ना!

* * *

गोविंदसामी घोडे तयार करणारा ट्रेनर. माणूस हसरा, गोड बोलणारा, आणि लबाड असा की सावली विकून उन्हाचे पैसे वेगळे घेईल!

एकदा त्यानं एक घोडा आणून उभा केला. "सामी, पाच वर्षांचा. दात बघा."

यांनी तोंड उघडून पाहिलं. दात कानशीनं घासलेले, वर तापल्या तारेनं काळे ठिपके दिलेले. तरण्या घोड्याच्या दातांवर असतात ना, अगदी तसे! यांनी नुसतं डोळ्यांच्या वर बोट ठेवलं. म्हाताऱ्या घोड्याला तिथं खळगे पडतात.

"दात पाच वर्षांचे," हे म्हणाले, "आणि खळगे पंधरा वर्षांचे. मधली दहा वर्षं कुठं ठेवलीस, गोविंदसामी?"

"उन्हातून आलाय, सामी! उद्या बघा, ताजा दिसेल."

दुसऱ्या दिवशी खरंच ताजा! खळगे भरून आलेले, चेहरा गोल गरगरीत. यांनी पुन्हा बोट ठेवलं, जरा दाबलं, आणि फुस्स! कातडीला बारीक भोक पाडून पिसाच्या नळीनं वारा भरला होता हो!

"गोविंदसामी," हे म्हणाले, "तुझ्या घोड्याचं तारुण्य निसटलं बघ!"

* * *

दुसरा किस्सा माझ्याच हातून घडलेला, त्यामुळे तो मी जरा सावकाश सांगते.

नवरात्रातल्या आयुधपूजेला तबेल्यातल्या घोड्यांचीही पूजा होते. मानाजीरावांच्या पत्नी अक्कासाहेब दरवर्षी मला बोलावतात. त्या पुढं, मी मागं तबक घेऊन. प्रत्येक घोड्याच्या कपाळाला ओलं गंध लावायचं, वर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ.

तर त्या दिवशी रांगेत एक नवा तांबूस घोडा. कपाळावर पांढराशुभ्र चांद. गोविंदसामी हात जोडून म्हणाला, "अम्मा, हाच तो चोळपुरमकडचा नामी घोडा. कपाळावरच्या चांदावरून अख्खा मद्रास ओळखतो!" मानाजीराव तो विकत घ्यायच्या बेतात. सौदा दुपारचा.

मी देवाचं नाव घेऊन गंध लावलं. बोट फिरवलं, आणि चांद बोटावर आला!

मी घोड्याकडे बघते, घोडा माझ्याकडे. वास घेतला, तर चुना! विड्याला लावतो तोच. कपाळ साफ तांबूस. नामी घोडा राहिला चोळपुरमला, आणि त्याच्या नावानं हा दुसराच कोणी आमच्या दारात!

अक्कासाहेब मोठ्या मनाच्या. ओरडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "रुक्माबाई, तबकातलं पान काढा. एवढा चुना आहे, तर गोविंदसामीला विडाच करून देऊ!"

* * *

गोविंदसामीला काढून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. हे म्हणाले, "मानाजीरावांना जिंकायचंय. जिंकून देतो असं म्हणणारा तो एकटाच आहे. मी आपला रोज 'नाही' म्हणणारा."

एका सकाळी हे तबेल्यात गेले, तर गोविंदसामी गुळाचा गोळा वळतोय. लाडवाएवढा! वास मात्र गुळाचा नाही, अराकाच्या दारूचा.

"हे काय?"

"ताकदीचं औषध, सामी. आजीचं. घोडा वाऱ्यासारखा धावतो."

"अपाय नाही ना?"

"शिव शिव! लेकरालासुद्धा द्यावं."

"मग असं करू," हे म्हणाले. "अर्धा घोडा खाईल, अर्धा तू खा. आधी तू."

गोविंदसामीनं डोळे मिटले, कानाच्या पाळ्या धरल्या. "सामी, कसं खाऊ? आज माझी एकादशी!"

हे घरी येऊन मला विचारतात, "काय गं, आज एकादशी ना?"

"एकादशी?" मी म्हटलं. "अहो, सकाळी माझ्या पारण्याचं पोटभर जेवून गेलात की! आज द्वादशी!"

* * *

गोविंदसामी हरला की मानाजीराव स्वतः मैदानात उतरत. मद्रासची शर्यत जवळ आली, तसा एका शुक्रवारी आमच्याकडे पितळी ताटातून कांचीचा रेशमी शालू आला. डाळिंबी रंग, बोटभर जरीकाठ! निरोप असा, "वहिनींच्या व्रताच्या उद्यापनाला."

आता माझं उद्यापन होतं अजून लांब. आणि चंपाची सही होती अगदी जवळ!

शालू परत पाठवावा तर शुक्रवारी आलेलं वस्त्र, तेही अक्कासाहेबांच्या घरचं. ठेवावा तर यांच्या लेखणीला गाठ. मी देवघरात बसले, आणि वाट सुचली. तडक गावदेवी मारिअम्मनच्या देवळात गेले आणि शालू देवीला नेसवला. काय दिसत होती माउली!

संध्याकाळी मानाजीराव दर्शनाला आले. हेही तिथंच होते. मानाजीरावांनी देवीकडे पाहिलं, काठ ओळखला, मान हलवली.

"डॉक्टर, शालू पोचला म्हणायचा."

"पोचला की," हे म्हणाले. "आता चंपाची सही तिच्याकडूनच घ्या!"

मानाजीराव हसले. मग मात्र हसू थांबलं, आणि म्हणाले, "तुमची सही नको. मद्रासचा दुसरा डॉक्टर ठरवलाय. सुई तो टोचेल, सही तो करील. परवा सकाळच्या गाडीला चंपाचा डबा लागतोय."

त्या रात्री हे जेवले नाहीत. उपास मी करते, हे नाहीत. म्हणून मला जास्त लागलं.

* * *

आणि आता तो किस्सा, जो ऐकायला बायका दोनदा हळदीकुंकवाला येतात.

दुसरा दिवस मारिअम्मनच्या उत्सवाचा पहिला दिवस. त्या दिवशी देवळात काप्पु बांधतात. हळदीचा दोरा, मनगटाला. एकदा बांधला की उत्सव संपेपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. राजा असो की रयत! उत्सवाचा पहिला मान मानाजीरावांचा, आणि नियमाला ते असे कडक की आदल्या वर्षी काप्पु बांधलेला सख्खा भाचा गाडीत बसला होता, त्याला मानाजीरावांनी स्वतः स्टेशनवरून ओढून परत आणलेला!

मी सकाळीच अक्कासाहेबांकडे गेले. म्हटलं, "चंपासाठी शनिवार धरलेत, पण गाडी उद्याचीच आहे. काय करावं?"

अक्कासाहेब विड्याचं पान पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

"रुक्माबाई, नवस आजाऱ्याच्या नावानं बोलतात ना?"

"हो."

"आणि काप्पु आजाऱ्यालाच बांधतात?"

"हो!" मी म्हटलं, आणि माझ्या अंगावर काटाच आला!

संध्याकाळी देवळापुढं ही गर्दी! ढोल, उदबत्त्या, कडुनिंबाचे डहाळे. आणि गर्दीतून चालत येतायत अक्कासाहेब, हातात लगाम, मागून पाय उचलत चंपा! लोकांनी आपणहून वाट दिली. पुजारी गडबडला. अक्कासाहेब ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आई, हिचा पाय बरा कर. बरा झाला की तुला मातीचा घोडा वाहीन." आणि पाय पुढं करायला लावला. पुजाऱ्यानं हळदीचा दोरा बांधला, त्या सुजलेल्या पायालाच. बायकांनी जिभा हलवत अशी कुलवी घातली की ढोल ऐकू येईना!

तेवढ्यात मानाजीराव मानाचा फेटा बांधून आले. पाहिलं, आणि जागच्या जागी उभे.

"हे कोणी केलं?"

"मी," अक्कासाहेब म्हणाल्या. "घोडी आपल्या घरची. आजारी आहे. नवस नको बोलू?"

"सोडा तो दोरा!"

पुजाऱ्यानं हात मागं घेतले. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "भाच्याचा सोडला नव्हता."

मानाजीराव दोऱ्याकडे बघतायत, देवीकडे बघतायत, साऱ्या गावाकडे बघतायत. चंपानं तेवढ्यात कडुनिंबाचा एक डहाळा ओढून खायला घेतला. शेवटी ते यांच्याकडे वळले.

"डॉक्टर, मद्रासला कळवायला हवं. घोडी का येत नाही, ते तुमच्या सहीनं लिहून द्या."

यांनी खिशातून कागद काढला. "लिहितो. पुढचा उजवा पाय लंगडा."

"लंगडा?" मानाजीराव कडाडले. "माझी घोडी लंगडी? सगळ्या मद्रासला सांगणार? खबरदार! लिहा, घोडी व्रतस्थ आहे!"

यांनी एकदा चंपाच्या पायातल्या हळदीच्या दोऱ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि मानाजीरावांना हवं होतं तसं सर्टिफिकेट पहिल्यांदाच, हसत हसत लिहून दिलं.