दम घ्या, बाबा

हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंटला श्वासाच्या मशीनवरून उतरवणं हे माझं रोजचं काम. मशीनचा आधार थोडा थोडा कमी करायचा आणि पेशंटला स्वतःहून श्वास घ्यायला लावायचं. मी मूळची साताऱ्याकडची, पण वर्ध्यात सात वर्षं काढल्यावर आपल्याला वऱ्हाडी अस्खलित येते असा माझा समज होता. त्याला गैरसमज म्हणायला अजूनही जीभ रेटत नाही.

एकदा आलेले एक बाबा पुलगावजवळच्या खेड्यातले शेतकरी, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ऑपरेशन उत्तम झालं होतं, मशीन मात्र पाचव्या दिवशीही सुटेना. डोळे उघडत, माझा हात दाबत, विचारलं की मान हलवत. पण आधार कमी करून मी कानाशी "बाबा, दम घ्या, दम घ्या" म्हटलं की ते डोळे मिटून शांत पडून राहत आणि मशीन बोंब मारू लागे. शेवटी डॉक्टर म्हणाले, आज जमलं नाही तर गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल.

"मंग बोलता येईन का त्याईले?" बाबांच्या बायकोनं, मावशींनी, विचारलं.

काही दिवस तरी नाही, डॉक्टर म्हणाले. मावशींचा चेहरा उतरला.

दुपारी मी त्यांना आत घेतलं. माझं "दम घ्या" त्यांनी दोनदा ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या.

"सिस्टर, तुमी दम घ्या म्हनता, म्हनून ते दम घेऊन राह्यले. वावरातून आले का मी बी असंच सांगते. बसा, दम घ्या."

दम लागतो, दम भरतो, असं इथले पेशंट सांगत, म्हणून मी श्वासाचा सरसकट दम करून टाकला होता. दम घेणे म्हणजे विसावा घेणे, हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेला. पूर्ण गुण. माणूस निमूट माझं ऐकत होता आणि मी त्याच्या फुप्फुसांना नावं ठेवत होते. फार लाज वाटली.

पुन्हा आधार कमी केला. या खेपेला मी तोंड बंद ठेवलं. मावशी वाकून म्हणाल्या, "काऊन हो, आयकू येते का? तुमची पेटी मी पुलगावच्या भंगारवाल्याले देऊन टाकली."

बाबांचे डोळे टक्क उघडले. छाती भात्यासारखी हलू लागली. मी खूश झाले, डॉक्टर मात्र नाही झाले. "इतके भराभर नकोत," ते म्हणाले, "असे श्वास टिकत नाहीत."

भांडायला मावशींना येत होतं. गोड बोलायची सवय नसावी. तरी सुयांनी निळा पडलेला बाबांचा हात धरून हळूच म्हणाल्या, "खोटं बोलली मी. पेटी घरीच हाये. सावकाश श्वास घ्या. मले काई घाई नाई."

श्वास लांब होत गेले. अर्धा तास डॉक्टर आणि मी आकड्यांकडे बघत होतो, मावशी फक्त बाबांकडे. मग मशीनची तोंडातली नळी काढली. बाबा खोकले, ठसकले आणि घोगऱ्या आवाजात बायकोला म्हणाले, "लबाड."

"आजून एकदा म्हना," मावशी म्हणाल्या.