प्रिंटर आडवा करून ठेवण्याविषयी

वर्णन: पुरुष, पन्नाशी ओलांडलेला, बांधा मध्यम. चष्मे दोन; पैकी एक स्क्रू दिसण्यासाठी आणि दुसरा माणसं दिसण्यासाठी. दुसरा बहुधा खिशात असतो. हुद्दा: समन्वयक, विद्युतभार स्थिरीकरण. आस्थापना: बाटल्यांची झाकणे तयार करणारी एक खाजगी कंपनी. कर्तव्ये: आस्थापनेतील समस्त लेबल-मुद्रण उपकरणांचे विहित पद्धतीने स्थिरीकरण होत असल्याची खातरजमा करणे, तसेच व्यवस्थापन वेळोवेळी सोपवील ती अन्य कामे करणे. वर्तणूक: समाधानकारक. ओळखीची खूण: कुणी "काका, एक मिनिट" म्हटलं की डावी भुवई आपोआप वर जाते.

हा हुद्दा पूर्वी नव्हता. या गृहस्थांना सगळी कंपनी वायरकाका म्हणायची, आणि त्यांच्याच वयाच्या, डिस्पॅच सांभाळणाऱ्या मॅडमसुद्धा काका म्हणायच्या, जे त्यांना अजिबात आवडत नसे. त्यांची बसायची जागा जिन्याखाली होती. डोक्यावरून माणसं चढत-उतरत आणि पावलांवरून त्यांना कळे की कोणाचं काहीतरी बिघडलंय. खोलीत मेलेले मॉनिटर, एका टोपलीत कुणाचेच नसलेले चार्जर, आणि कोपऱ्यात एक संगणक, जो कंपनीच्या दृष्टीने 'तपासणीसाठी' होता.

या संगणकावर वायरकाका दुसरं आयुष्य जगत. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणारं एक संकेतस्थळ होतं. तिथल्या बातम्या कुणी वाचत नसे. सगळे खालचे प्रतिसाद वाचायचे. तिथे वायरकाकांचा आयडी होता 'गंजका स्क्रू', आणि या आयडीला मान होता. जिन्यावरून उतरणारा माणूस त्यांना चार्जर शोधायला लावायचा. तिकडे मात्र अनोळखी माणसं 'स्क्रूभाऊ, तुमची वाटच बघत होतो' असं लिहायची. दोन्हीत फरक पडतो.

त्या संकेतस्थळाची एक रीत होती. एखादा नवा सदस्य हजारदा विचारून झालेला प्रश्न पुन्हा घेऊन आला, की जुन्यांनी त्याला अत्यंत गंभीर चेहऱ्याने अत्यंत निरर्थक सल्ला द्यायचा. हसायचं नाही. हसरा चेहरा टाकणारा बाद. इतरांनी येऊन तितक्याच गांभीर्याने 'सहमत, मला फरक पडला' म्हणायचं. आणि मग त्यातल्याच कुणीतरी त्या बिचाऱ्याला व्यनि करून, म्हणजे खाजगी निरोप पाठवून, खरं उत्तर सांगायचं. थट्टा चारचौघांत आणि मदत गुपचूप, असा एकंदर सुसंस्कृत कारभार होता.

अशाच एका दुपारी कुणा नव्याने विचारलं होतं की लेबलचा प्रिंटर मधेच कोरं लेबल सोडतो, काय करू. वायरकाकांनी लिहिलं: 'प्रिंटर बंद करून उजव्या कुशीवर आडवा ठेवावा. आत साचलेला विद्युतभार हळूहळू खाली बसतो. घाई करू नये. भार आपल्या गतीने बसतो.' शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच खूश होते. खाली रांग लागली. 'तिरकस ट्रान्झिस्टर' म्हणाला, आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतात. 'उगाच' नावाच्या सदस्याने, जो वायरकाकांशी प्रत्येक विषयावर भांडत असे, लिहिलं: 'आयुष्यात पहिल्यांदा स्क्रूभाऊंशी सहमत. फक्त डावी कूस जास्त परिणामकारक.' त्यावरून उजवे आणि डावे असे दोन तट पडले आणि धागा, म्हणजे ती सगळी चर्चा, बरेच दिवस वर राहिला. त्या नव्या सदस्याला वायरकाकांनीच व्यनि केला होता: बंद करून चालू कर, रोल नीट बसव, आतला सेन्सर पुसून घे. त्याने आभार मानले आणि तो पुन्हा कधी दिसला नाही.

पुढे काही वर्षांनी कंपनीत मदतनीस आला. मदतनीस म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर एक चौकोन. त्यात तक्रार लिहायची आणि त्याने जगभरचं वाचून उत्तर द्यायचं. तो आणला तरुण मॅनेजरसाहेबांनी, जे कायम दुसऱ्या मीटिंगला निघालेले असत.

"काका, तिमाही संपेपर्यंत बघू," साहेब जिन्याच्या पायरीवरूनच म्हणाले. "बहुतेक तक्रारी तोच सोडवायला लागला, तर तुमच्या पोस्टचा विचार करू."

"विचार करू म्हणजे, साहेब?"

"म्हणजे विचार करू," असं म्हणून साहेब वर गेले.

वायरकाका निर्धास्त होते. चौकोन काही हात घालून रोल बसवणार नव्हता. मग एका सकाळी डिस्पॅचमधून बोलावणं आलं. खोक्यांवर लेबलं तिरकी बसत होती आणि एक आख्खी गाडी गिऱ्हाइकाकडून परत आली होती. वायरकाका गेले, आणि दारातच थांबले. टेबलावर सगळे लेबल प्रिंटर ओळीने कुशीवर झोपले होते.

"मॅडम, हे काय?"

"भार बसतोय त्यांचा," मॅडम पावत्यांवरून नजर न काढता म्हणाल्या.

वायरकाकांनी माणसांचा चष्मा काढला आणि स्क्रूचा लावला. मॅडमच्या चौकोनात लिहिलं होतं: घाई करू नये, भार आपल्या गतीने बसतो.

"हे कुणी सांगितलं?"

"मदतनीसाने. आणि खरंय काका. मधे मधे कोरं लेबल यायचं ना, संध्याकाळी आडवा करून ठेवला की सकाळी येत नाही. माझ्या डोळ्यांनी बघते मी."

"ते बंद केल्यामुळे, मॅडम. रात्रभर बंद राहिला की कुठलाही प्रिंटर सुधारतो. आडवं केल्यामुळे नाही."

"मग आडवं करून काय बिघडलं?"

"आतली शाईची रिबन सरकते. म्हणून तर लेबलं तिरकी येतायत."

"ती तुम्ही बसवता ना?"

"बसवतो, पण..."

"मग झालं तर. आणि डाव्या कुशीवर ठेवू का? तो म्हणतो काही जाणकार डावी सांगतात."

वायरकाकांनी प्रिंटर उभे केले, रिबनी बसवल्या आणि जिन्याखाली परतले. संकट दुहेरी आहे, हे त्यांना जिन्याजवळच्या भिंतीवर साहेबांनी लावलेली आकड्यांची पाटी बघताच कळलं होतं. मदतनीसाच्या यशाच्या आकड्यात डिस्पॅच सगळ्यात वर होतं, म्हणजे त्यांची नोकरी त्यांच्याच वाक्याने जाणार होती. आणि ते वाक्य खोटं आहे हे सांगायचं, तर ते आपण लिहिलं हे सांगावं लागणार होतं. प्रतिसादावर वार आणि वेळ दोन्ही होते. वार कामाचा होता. वेळ, जेवणाच्या सुट्टीनंतरची.

आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. प्रतिसाद खोडायला गेले, तर संकेतस्थळाने कळवलं की जुने प्रतिसाद खोडता येत नाहीत. संपादकांना निरोप पाठवला. उत्तर आलं: 'हा आमच्या संग्रहातील सर्वाधिक वाचला गेलेला तांत्रिक प्रतिसाद आहे. तो काढणे नवीन सदस्यांवर अन्यायाचे होईल.' शेवटी वायरकाकांनी त्याच धाग्यात, आयुष्यात पहिल्यांदाच अगदी मनापासून लिहिलं: 'मित्रहो, वरचा सल्ला मी थट्टेने दिला होता. विद्युतभार खाली बसत नसतो. कृपया प्रिंटर आडवे करू नका. लोकांचं नुकसान होत आहे.'

संध्याकाळपर्यंत धागा पुन्हा वर आला. तिरकस ट्रान्झिस्टरने लिहिलं, 'स्क्रूभाऊ, इतक्या वर्षांनीही चेहरा हलत नाही तुमचा. दंडवत.' दुसरा कुणी म्हणाला, 'उभ्या प्रिंटरवाल्या कंपन्यांनी आपल्या माणसाला विकत घेतलं, वाईट वाटलं.' 'लोकांचं नुकसान होत आहे' या वाक्याला विशेष दाद मिळाली. वायरकाकांनी खाली लिहिलं, 'मी गंभीरपणे सांगतोय.' ते सगळ्यांना त्याहून आवडलं.

दुसऱ्या दिवशी मदतनीसाने आपलं उत्तर सुधारलं. 'क्वचित काही जण या पद्धतीला थट्टा मानतात. तथापि बहुसंख्य अनुभवी वापरकर्ते तिची पुष्टी करतात.'

वायरकाकांनी उगाचला व्यनि केला. इतकी वर्षं भांडलेल्या माणसाकडे खरं बोलायची सोय असते, असा त्यांचा समज होता. 'तू तरी लिही रे, हे खोटं आहे म्हणून. तुझ्यावर लोक विश्वास ठेवतील, तू माझ्याविरुद्धच बोलतोस नेहमी.'

उगाचचं उत्तर दुपारी आलं. 'लिहिलं असतं स्क्रूभाऊ. पण खरं सांगू? आमच्याही गोडाऊनमध्ये आता आडवेच ठेवतात. डाव्या कुशीवर. मी सांगून थकलो.'

घरी बायकोने पहिला घास घेतानाच ओळखलं.

"काय झालंय? चेहरा असा का?"

त्यांनी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे पाणी वाढलं.

"म्हणजे तुमचं ऐकणारं कुणीतरी मिळालं शेवटी," ती म्हणाली, "आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय."

"थट्टा करू नकोस."

"मी कुठे करते? थट्टा तुम्ही केलीत, तीही पगारी वेळेत. घरी नळ गळतोय तर म्हणता वेळ नाही."

"नोकरी जाईल माझी."

"मग जाऊन सांगून टाका साहेबांना. लिहिलं मी, चुकलं माझं. निदान तिरकी लेबलं तरी थांबतील." जरा वेळाने ती म्हणाली, "आणि काय हो, कुशीवर झोपवल्याने भार बसतो हे तुम्ही माझ्या पाठदुखीवरून उचललंत ना? डॉक्टर मला हेच म्हणाले होते."

तसंच होतं.

तिमाहीच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. समोरच्या पडद्यावर आकडे होते. वायरकाकांनी बसण्याआधीच मोबाइल पुढे केला. मनात घोकलेलं सगळं एका दमात सांगितलं: हा धागा, हा गंजका स्क्रू म्हणजे मी, ही थट्टा, हे खरं कारण, ही सरकलेली रिबन, ही परत आलेली गाडी. कामाच्या वेळात लिहिलं होतं, हेही सांगून टाकलं.

साहेबांनी वाचलं. मग ते आपल्या चौकोनाकडे वळले आणि टाइप केलं: गंजका स्क्रू कोण?

मदतनीसाने सांगितलं, 'लेबल-मुद्रण उपकरणांतील एक ज्येष्ठ व आदरणीय तज्ज्ञ. शांत, नेमकी शैली. स्वतःच्या योगदानाविषयी बोलताना विनयशील.'

साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "काका, हे तुम्ही?"

"मीच. पण ते सगळं खोटं आहे, साहेब."

"विनयशील," साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "बघा, लिहिलंयच त्याने."

"साहेब, नुसता बंद करून चालू केला तरी तेवढाच फरक पडतो. तुम्ही आत्ता खाली चला, दाखवतो."

"पडत असेल. पण त्याला पद्धत म्हणता येत नाही ना. मी वर काय दाखवू, बंद-चालू?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "हे तुम्ही इथे बसून लिहिलंत? आपल्या संगणकावरून? कामाच्या वेळात?"

"हो," वायरकाका म्हणाले. ही घटका येणार हे त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे ही पद्धत कंपनीची झाली. जगभर वापरतात आणि निघाली आपल्या जिन्याखालून. काका, इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलतोय ना, साहेब. आत्ता बोलतोय. ती चूक आहे."

"तुमच्या पिढीचा हाच प्रॉब्लेम आहे, स्वतःला कमी लेखता," साहेब उठत म्हणाले, कारण त्यांची दुसरी मीटिंग होती. "पोस्टची काळजी सोडा. उलट आपण नीट नाव देऊ तिला. तेवढं रिबनचं मात्र तुम्हीच बघा, मदतनीसाला जमत नाही."

"आणि प्रिंटर उभे ठेवले तर?"

साहेब दारात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडी नाराजी दिसली. "काका, विहित पद्धत आहे आता ती. तुमचीच आहे."

जिन्याखालच्या दारावर नव्या हुद्द्याची पाटी लागली. टोपलीतले चार्जर तसेच आहेत. डिस्पॅचच्या मॅडम आता त्यांना काका म्हणत नाहीत, सर म्हणतात, आणि शंका आली तर मदतनीसाला विचारतात. वायरकाकांनी संकेतस्थळावर जाणं सोडलं. गंजका स्क्रू गप्प झाला, तेव्हा तिथे त्याच्या आठवणींचा एक धागा निघाला. त्यात सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने लिहिलं आहे की ते वारले. संपादकांनी तोही संग्रहात ठेवला.

संध्याकाळी घरी जाताना मॅडम प्रिंटर आडवे करतात. सकाळी समन्वयक ते उभे करतात.