दोघा भावांची घाण

माझा धाकटा भाऊ समुद्रकाठच्या एका अणुकेंद्रात कचरा सांभाळतो. मीही कचराच सांभाळतो, इथल्या साखर कारखान्यात, मळीच्या पाण्याच्या टाक्यांवर. पण तो गावी आला की लोक त्याला शास्त्रज्ञ म्हणतात आणि मी मळीवाला. मी एसटीत बसलो की शेजारचा खिडकी उघडतो, आणि ह्याला शाल-नारळ. माझा जळफळाट होतो तो काय उगाच?

गेल्या हिवाळ्यात राहुरीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेनं त्याचा सत्कार ठेवला, व्याख्यानासकट. अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याच शाळेतले निवृत्त मास्तर. सकाळपासून त्यांचं सदऱ्याला इस्त्री आणि सारखा चष्मा पुसणं चाललेलं. माझ्या टाक्या घरापासून सायकलवर जाण्याएवढ्या अंतरावर, पण अण्णा तिकडे कधी फिरकले नाहीत. "वास सहन होत नाही रे मला," म्हणायचे. ह्याच्या कचऱ्याचं ऐकायला मात्र पहिल्या रांगेत. त्यांनी एकदा येऊन माझं काम बघावं, एवढंच मला हवं होतं. पण पन्नाशीला आलेल्या माणसानं ते तोंडानं मागायचं कसं?

भाऊ बोलला छान, तेही मला खुपलं. अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन आधी वर्षानुवर्षं पाण्यात निववायचं. मग ते आम्लात विरघळवून त्यातलं कामाचं तेवढं काढून घ्यायचं. उरलेला जहाल द्रव वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओतायचा आणि डबे पहाऱ्यात ठेवायचे. पुढे कधीतरी खोल, कोरड्या खडकात पुरायचे. एका मुलीनं विचारलं, "सर, अवकाशात का नाही फेकून देत?"

"रॉकेट मध्येच फुटलं तर?" तो म्हणाला. टाळ्या पडल्या. अण्णाही वाजवत होते. माझ्या टाकीला आजवर कुणी टाळी दिलेली मला आठवत नाही.

मग मागून एक बागायतदार उठले. "तुमच्या भावाच्या टाकीचा वास आमच्या वस्तीवर येतोय. लई वंगाळ. आता तुमचं कुठवर येनार, ते सांगा."

सगळे हसले. माझे कान तापले. अण्णांनी मान खाली घातली, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हे जन्मात तिकडे येत नाहीत.

भाऊ हसला नाही. "दादाच्या टाकीत काही बिघडलं तर तुम्हाला घरबसल्या कळतं," तो म्हणाला. "तुम्ही शिव्या घालता, तो धावतो. आमच्या कचऱ्यातून जे बाहेर पडतं त्याला वास नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर एवढी काच, एवढं पोलाद, एवढा पहारा. नुसत्या नाकानं कळलं असतं तर मी सुखानं झोपलो असतो."

ते बागायतदार खाली बसले.

भाऊ मंडळींच्या घोळक्यात अडकला, म्हणून अण्णांना घरी मीच घेऊन निघालो. चालता चालता थांबून ते म्हणाले, "उद्या तुझ्या टाक्या बघायला येतो. रुमाल लागेल का रे?"

"नाही लागत," मी म्हणालो. साफ खोटं.

इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि तेसुद्धा ह्यानंच मिळवून दिलं. त्याचाही राग आलाच.