डोंगर पूर्वेलाच असतो

छायाचित्र उलटे छापले गेले आहे का, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. चित्रात कुठे अक्षर असेल तर ते वाचून पाहावे. ते आरशातल्यासारखे दिसले, तर चित्र उलटे. माझ्या थोरल्या भावाच्या पुस्तकात ही रीत निरुपयोगी ठरली. छापखान्याच्या मालकांनी चित्रे उलटवली आणि मग त्यांतली अक्षरे तेवढी पुसून सुलटी बसवली. या गोष्टीला वर्ष होऊन गेले. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

क्रमाने सांगतो.

दादा रेल्वेत होता. कसालच्या आसपासच्या पट्ट्यात रुळांची गस्त घालणे हे त्याचे काम. डोंगर कापून लाईन नेली आहे त्या जागेला ते लोक ‘कटिंग’ म्हणतात. पावसाळ्यात अशा कटिंगमधून चालत जायचे, वरून दगडमाती आली आहे का ते पाहायचे आणि आली असेल तर गाडी थांबवायची. निवृत्त झाल्यावर त्याने हाच पट्टा आमच्या मालवणजवळच्या घराच्या मांगरात, म्हणजे पूर्वी गवत आणि अवजारे ठेवण्याच्या छपरीत, लहान करून मांडला. अठरा फुटी टेबलावर एक स्टेशन, एक पूल आणि ते कटिंग. इंजिन आणि डबे तेवढे मुंबईहून मागवलेले. बाकी सारे हातचे. लाल मातीसाठी चिऱ्याची वस्त्रगाळ पूड, डोंगरासाठी काथ्याचा भुसा, कुंपणासाठी माडाचे हीर. रुळांखालची खडी त्याने चहाच्या गाळणीने चाळली होती. या कामाला सात वर्षे लागली.

पुढे त्याच्या मुलाने मांगराच्या दोन खोल्या करून पर्यटकांना द्यायचे ठरवले. टेबल कुठेच मावेना. शिवाय खाऱ्या हवेने रूळ गंजू लागलेच होते.

“पप्पा, काका फोटो काढून ठेवतले मां?” पुतण्या म्हणाला. “मग ता गेला खंय?”

मी चार दिवस छायाचित्रे काढली. दादा शेजारी स्टुलावर बसून होता. त्याने एकच सूचना केली. “जसा आसा तसा येऊक होया. शोभा नको.” पाचव्या दिवशी टेबल मोडले. त्यानंतर दादाची लाईन फक्त माझ्या बावन्न छायाचित्रांत उरली. त्यांचे पुस्तक करायचे आणि ते स्वतःच छापून घ्यायचे, हे आम्ही दोघांनी ठरवले.

छापखान्याचे मालक लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक आणि देवळाच्या उत्सवाची पत्रके करण्यात वाकबगार. मी त्यांना मजकूर दिला आणि त्यांनी मागितले म्हणून कॅमेऱ्यातले मूळ कार्डच काढून दिले. त्याची नक्कल करून ठेवली नाही. विद्यार्थ्यांना मी जन्मभर वहीच्या शेवटच्या पानावर कच्चे काम राखून ठेवायला सांगत आलो, आणि स्वतः हे केले.

पुढची चूकही माझीच. मुद्रिते आली तेव्हा मी ती तीनदा वाचली, तांबड्या शाईने. तिसऱ्यांदा तर शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. छायाचित्रे मात्र मी फक्त मोजली. बावन्न होती. मी सही केली.

छापलेली पहिली प्रत घेऊन मी दादाकडे गेलो. तो पाने सावकाश उलटत गेला आणि अकराव्या पानावर थांबला.

“ह्यो डोंगर हयसर कसो इलो?”

मी वाकून पाहिले. मला काही दिसले नाही.

“आणि सिग्नल उजवीकडे? ड्रायव्हर काय मान मोडून बघतलो?” त्याने पुस्तक मिटले. “छापलेला बरा आसा रे. पण ही माझी लाईन न्हय.”

आपल्याकडे सिग्नलचा खांब सामान्यतः चालकाच्या डाव्या हाताला असतो. आपण गोव्याच्या दिशेने तोंड करून उभे राहिलो तर पूर्व डावीकडे येते. म्हणून सह्याद्री डावीकडे, समुद्र उजवीकडे. मी तीस वर्षे भूगोल शिकवला. नकाशात पूर्व कुठे, हे चुकणाऱ्याला मी फळ्यापाशी उभे करत असे. त्या पुस्तकात सतरा ठिकाणी सह्याद्री समुद्राच्या बाजूला गेला होता, आणि मी सही केली होती.

मी तडक छापखान्यात गेलो. मालकांना जराही संकोच वाटला नाही.

“सर, फोटोतला तोंड पानाच्या भायर बघता नये. पत्रिकेत नवरो-नवरी कधी भायर बघतत? इंजिनाचा तोंडय आत होया. जी भायर बघी होती, ती मी फिरवलंय.”

“आणि पाटीवरची अक्षरे?”

“ती उलटी झाली मां! ती परत नीट केलंय. दोन दिवस गेले माझे.”

म्हणजे चित्र उलटे झाल्याचे त्यांना दिसले होते. ते लपवण्यासाठी त्यांनी दोन दिवस मन लावून काम केले होते आणि त्याची शाबासकी ते माझ्याकडे मागत होते. अज्ञानावर मी कधी रागावलो नाही. शिक्षकाने त्यावर रागावू नये. पण हे अज्ञान नव्हते.

“एक चिठी चिकटवया,” ते उदारपणे म्हणाले. “ह्या ह्या पानावरची चित्रां आरशात बघूची.”

प्रकाशन तीन दिवसांवर आले होते. ग्रंथालयाचे सभागृह, पाहुणे म्हणून एक पुढारी, निमंत्रणे वाटून झालेली. ग्रंथालयाच्या अध्यक्षांना मी फोन केला, तर ते शुद्ध मराठीत म्हणाले, “सर, मुख्य पाहुणे पुस्तक उघडून थोडेच पाहणार आहेत?” मी समारंभ रद्द करायला सांगितले आणि फोन ठेवला. त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे.

सगळ्यात जास्त राग मात्र मला दादाचा आला. “जावंदे रे,” तो म्हणाला. “लोकांका काय समाजता?” नारळाएवढा दगड रुळाजवळ दिसला तरी ज्याने गाडी थांबवली, तो माणूस जावंदे म्हणत होता. मी त्याला म्हटले, “उद्या दहा वाजता तयार राहा.” थोरल्या भावाशी मी तशा आवाजात कधी बोललो नव्हतो. तो तयार राहिला.

पुस्तक पुन्हा छापण्याआधी चित्रे सुलटी करून घ्यायला आम्ही छापखान्यात मालकांच्या दोन बाजूंना बसलो. मूळ चित्रे शिल्लक नव्हती. मालकांनी कार्डावरच ती फिरवून जतन केली होती. पण उलटे चित्र पुन्हा उलटवले की सुलटे होते; पाटीवरची अक्षरे तेवढी मालकांना परत बसवावी लागणार होती. फक्त कोणती उलटवली ते नेमके कळायला हवे. मी पानांचे आकडे सांगत गेलो, मालक एकेक फिरवत गेले. सतरा झाली.

“ह्यो एक,” मालक अडखळले. “ह्यो फिरवलंय काय नाय, माका आठवणा नाय.”

गोव्याकडे तोंड करून कटिंगचे समोरून घेतलेले छायाचित्र होते. दोन्ही बाजूंना सारख्या लाल भिंती. सिग्नल नाही, पाटी नाही, इंजिनही नाही. मी कितीतरी वेळ पाहिले आणि हरलो. दादाने चष्मा वर सरकवून पडद्याला जवळजवळ नाक लावले.

“फिरव.”

“कशावरून ओ?” मालकांनी विचारले.

“दगड येता तो डोंगराकडसून. थंयसरचा गटार रुंद ठेवचा लागता. ह्या बघ, रुंद गटार खंय गेला ता. समुद्राकडे.”

हे छायाचित्र मी गुडघे टेकून, श्वास रोखून काढले होते. त्यात दोन गटारे आहेत हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

मालकांनी ते फिरवले आणि खुर्ची मागे सरकवली. “झाला तर मग.”

“नाय,” दादा म्हणाला. “आता पयल्यापासून दाखव. बावन्नय.”

मालकांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“बसा,” मी म्हणालो. “दाखवा.”