सासूबाईंचा क्रूस

ओदार्काला प्रिप्यात शहर पायांनी पाठ होतं. अणुभट्टी फुटण्याआधी बारा वर्षं तिनं तिथं आणि आसपासच्या गावांत टपाल वाटलं होतं. एकाहत्तराव्या वर्षीही ती पत्ता सांगायची तो तेव्हाचाच. "हॉटेलाच्या मागनं जा, मोठा आकाशपाळणा डाव्या हाताला ठेव, पुढं नदीकाठी रंगीत काचांचं कॅफे. तिथलं कुत्रं चावतं." काचा फुटल्या, पाळणा गंजला, स्टेडियमवर झाडं माजली, कुत्र्याची हाडंही उरली नसतील. ओदार्काच्या पत्त्यातून मात्र ते अजून भुंकायचं.

ईस्टरनंतर जुन्या रहिवाशांना त्या बंद केलेल्या भागात आपापल्या माणसांच्या कबरींवर जाऊ देत. त्या दिवशी बसमध्ये तिच्या शेजारी तिची नणंद उस्तिना बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीत कबरीवर ठेवायची रंगवलेली अंडी, गोड पाव आणि आईच्या क्रूसाला बांधायचा भरतकामाचा नवा टॉवेल. यंदा आणखी एक काम होतं. उस्तिनाला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं, काळीज कुरकुरत होतं. तिला आईशेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवायची होती. दफनभूमीचं वहीखातं सांभाळणारा यारेमा आज तिथं येणार होता. एकदा त्यानं खुंटी ठोकली की जागा पक्की.

ओदार्काच्या सासरच्या वेर्बिव्का गावच्या वणव्यात कबरींवरचे जुने लाकडी क्रूस जळाले होते. लोकांनी वर्गणी काढून नवे निळे क्रूस उभे केले आणि नावं लिहायची राहून गेली. तेव्हापासून सासूची कबर ओळखणं हे सुनेचं काम झालं. कारण पूर्वी टपाल वाटताना ती रोज त्या कबरीपाशी बसून दुपारची भाकरी खायची. जिवंतपणी सासूनं कधी टेकू दिलं नव्हतं, तेव्हा ही तिची हौस. दफनभूमीच्या टेकडीवरून समोर शहरातल्या सोळामजली इमारतीच्या माथ्यावरचं लोखंडी चिन्ह आणि अणुभट्टीची पट्ट्यापट्ट्यांची चिमणी दिसायची. सासूच्या कबरीपाशी उभं राहून हात लांब केला की दोन्हींत बरोबर एक वीत. पुढं चिमणी उतरवली, भट्टीवर भलीमोठी चंदेरी कमान बसवली. तेव्हापासून ओदार्का कमानीच्या मधोमध करंगळी लावून वीत घालायची.

बस कमानीजवळून गेली तशी ती खिडकीला चिकटली. ते भट्टीचं जुनं फाटक. इथंच ती टपालखात्याच्या तारा द्यायची, आणि मान वर केली की डोक्यावर चिमणी. फाटक तर कमानीच्या पार कडेला होतं, म्हणजे चिमणीही मधोमध नव्हतीच.

"वन्सं, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"असं विचारलंस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. सांग."

"गेली तीन वर्षं आपण भलत्याच कबरीला टॉवेल बांधतोय."

उस्तिनानं टोपली घट्ट धरली. "पंधरा वर्षं नांदलीस माझ्या आईपाशी, आणि तिचं डोकं कुठं, पाय कुठं तेही ठाऊक नाही तुला?"

"त्यांचे पाय कुठं ते चांगलं ठाऊक होतं मला. दिवसभर माझ्या मागंच असायचे."

उस्तिनाला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. टेकडीवर यारेमा खुंटी नि हातोडा घेऊन उभाच होता, गेल्या वर्षीचा टॉवेल लोंबत होता त्या क्रूसापाशी. ओदार्कानं हात लांब केला, अंगठा चिन्हावर, करंगळी कमानीच्या कडेवर. जमेना. ती डावीकडं सरकली. एक पाऊल, दोन, तीन.

"आजी, माझा चहा निवतोय," यारेमा म्हणाला.

"निवू दे. हे बघ, इथं."

उस्तिना गुडघ्यावर बसली. क्रूसाच्या बुडाशी शेवाळातून काहीतरी डोकावत होतं. निळा इनॅमलचा पेला, कान तुटलेला. दफनाच्या दिवशी तिनंच तो तिथं रोवला होता. तिनं पेल्यावरची माती पुसली. मग टॉवेल बांधला, गाठ दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"मग ती कुणाची गं?"

"मेलानियाची."

"बदकांवरून आईशी वीस वर्षं अबोला धरलेली मेलानिया? आणि तिला मी माझ्या हातची अंडी खिलवली?"

"दोघी एकाच वर्षी गेल्या ना. गावानं मुद्दाम मध्ये एक जागा मोकळी सोडली होती. न जाणो."

यारेमानं दोन्ही क्रूसांकडं पाहिलं. "आईच्या दुसऱ्या बाजूला पाइन वाढलाय. मोकळी म्हणाल तर ही मधलीच. चालेल?"

उस्तिनानं मोकळ्या जागेत उभं राहून डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.

"ठोक. कुणीतरी मध्ये पाहिजेच."

खुंटी मऊ मातीत सरळ गेली. ओदार्का मेलानियाचा टॉवेल सोडायला निघाली.

"राहू दे तो," उस्तिना म्हणाली. "शेजारीण होणार माझी. आल्या आल्या भांडण नको. अंडं मात्र एकच ठेव, तेही तडकलेलं."